वीस बाइटांची प्रत

आपल्या शाळेच्या स्मरणिकेसाठी संपादक मंडळाने माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा त्यांची अपेक्षा इतिहासाच्या शिक्षकाकडून असावी तशीच होती : शाळेची स्थापना, वसतिगृहाचे पहिले पत्र्याचे छप्पर, पहाटेच्या वंदनेला जमणारी मुले, धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आठवणी. त्या सांगणारे माझ्याहून ज्येष्ठ सहकारी आहेत आणि या अंकात त्यांनी त्या लिहिल्याही असतील. मी मात्र कार्यालयामागच्या एका अरुंद खोलीत, संगणकाच्या काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत आज्ञा टंकत घालवलेल्या वर्षांविषयी लिहिणार आहे. इतिहासात एम. ए. झालेल्या माणसाने डेटाबेस आणि बॅकअप यांवर लिहावे हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु माझ्या नोकरीतील सर्वांत मोठी चूक मी त्या खोलीत केली. आणि ती संगणकाच्या अज्ञानापेक्षा इतिहासाच्या विस्मरणातून अधिक झाली.

ज्यांनी शाळेचे कार्यालय आतून पाहिलेले नाही, त्यांना जनरल रजिस्टर म्हणजे काय हे आधी सांगितले पाहिजे. प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. अनुक्रमांक, नाव, आईचे नाव, धर्म, जात, जन्मस्थळ, अंकी व अक्षरी जन्मतारीख, आधीची शाळा, प्रवेशाचा दिनांक, शाळा सोडल्याचा दिनांक आणि कारण. शाळा सोडल्याचा दाखला म्हणजे या ओळीचा उतारा. आपल्या समाजात सातबारा फार थोड्या घरांत होता. घराण्याचा कागद म्हणून दाखवावे असे अनेकांपाशी एवढेच असते : कुठल्यातरी शाळेच्या रजिस्टरातील एक ओळ. जातीच्या पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो, कारण अनुसूचित जातींविषयीचा राष्ट्रपतींचा आदेश त्या तारखेचा आहे. माझ्या मुलीच्या वेळी आम्ही कुटुंबाचे सगळे कागद पालथे घातले, आणि अखेर उपयोगी पडली ती माझ्या वडिलांच्या गावच्या प्राथमिक शाळेतील १९४७ सालची नोंद. ती कोणा अनोळखी मास्तरांनी टाकाने लिहिली होती आणि वाळवीने ती सोडली होती, एवढेच आमचे भाग्य.

१९५६ च्या धर्मांतरानंतर तर या ओळीतील एकेका शब्दाला वजन आले. धर्माच्या रकान्यात कुणी ‘बौद्ध’ लिहिले, कुणी ‘नवबौद्ध’, आणि कुठे मुख्याध्यापकांनी जुनेच पुढे चालू ठेवले. बौद्धांना अनुसूचित जातींच्या केंद्रीय यादीचा लाभ मिळण्यासाठी १९९० सालची दुरुस्ती यावी लागली. या चौतीस वर्षांत त्या रकान्यात काय लिहिले गेले, यावर किती जणांचे शिक्षण अडले आणि किती जणांचे सुटले, हे आपल्या वाचकांना मी सांगावे असे नाही. म्हणून आम्ही रजिस्टरे संगणकावर घ्यायचे ठरवले, तेव्हा पहिला नियम केला : पानावर जे आहे ते जसेच्या तसे; शुद्धलेखन सुधारायचे नाही, ‘नवबौद्ध’चे ‘बौद्ध’ करायचे नाही, शंका असेल तर ती वेगळ्या रकान्यात लिहायची.

हे काम माझ्याकडे येण्याचे कारण इतकेच, की शिक्षकांमध्ये मराठी टंकलेखन येणारा मी एकटा होतो. सलग पाच उन्हाळ्याच्या सुट्ट्या त्यात गेल्या. तिसऱ्या रजिस्टराचे काम संपल्यावर पुढच्याच पावसाळ्यात कार्यालयाचे छत गळले आणि त्या रजिस्टराच्या शेवटच्या पानांवरची शाई पसरून निळे डाग उरले. आम्ही तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली : कागद गेला, पण संगणकात नोंद आहे. त्या पानांपुरता संगणक हाच आता एकमेव ग्रंथ आहे आणि एकमेव ग्रंथ हा नेहमीच धोक्यात असतो, हा विचार मनात यायला हवा होता. बाबासाहेब १९१७ साली लंडनहून परतले तेव्हा त्यांचा ग्रंथसंग्रह दुसऱ्या जहाजाने येत होता. ते जहाज पाणबुडीने बुडवले आणि न्यूयॉर्क-लंडनमध्ये पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुस्तके समुद्रात गेली. हा प्रसंग मी दरवर्षी वर्गात सांगतो.

बॅकअपची व्यवस्था आमच्या एका माजी विद्यार्थ्याने लावून दिली होती. पुण्याच्या एका कंपनीत तो सर्व्हर सांभाळण्याचे काम करतो. एका दिवाळीच्या सुट्टीत येऊन त्याने उबंटूवर मायएसक्यूएल बसवले आणि दहा-बारा ओळींची एक स्क्रिप्ट लिहिली. स्क्रिप्ट म्हणजे एरवी हाताने एकामागून एक द्यायच्या आज्ञा एका फाइलीत क्रमाने लिहून ठेवणे. रात्री दोन वाजता क्रॉन नावाचा पहारेकरी ती चालवी. ‘मायएसक्यूएलडम्प’ ही आज्ञा सगळ्या नोंदी मजकुराच्या रूपात बाहेर काढी, तो मजकूर नळीतून वाहावा तसा ‘जीझिप’कडे जाई, ते त्याला आवळून छोटे करी आणि त्या दिवसाच्या तारखेच्या नावाने फाइल तयार होई. शेवटच्या ओळीत तीस दिवसांपूर्वीच्या फाइली पुसून टाकण्याची आज्ञा होती, म्हणजे डिस्क भरू नये. मला ही पद्धत फार आवडली. माउसने केलेल्या कामाचा मागमूस राहत नाही. इथे काय करायचे ते लिहिलेले असते, आणि लिहिलेले कुणालाही पुन्हा वाचता येते.

काही वर्षांपूर्वीच्या ऑगस्टमध्ये, एका वादळी रात्री वीज तीन-चारदा गेली-आली आणि सकाळी सर्व्हरची डिस्क फिरेना. मी घाबरलो नाही. बॅकअप दुसऱ्या डिस्कवर होते. ती दुसऱ्या संगणकाला जोडली, यादी काढली, आणि तारखेनुसार तीस फाइली नीट ओळीने उभ्या दिसल्या. त्याच दिवशी एक माजी विद्यार्थिनी वडिलांसह कार्यालयात बसली होती. तिच्या वडिलांचे शिक्षणही आपल्याच शाळेत झालेले. त्यांची नोंद तिसऱ्या रजिस्टराच्या भिजलेल्या पानांवर होती, आणि अभियांत्रिकीच्या प्रवेशासाठी पडताळणीची कागदपत्रे द्यायला चार दिवस उरले होते. “दुपारपर्यंत उतारा देतो,” असे मी त्यांना सांगितले.

फाइल उघडली, आत काहीच नव्हते. आदल्या दिवशीची उघडली, तीही रिकामी. मग पुण्याला फोन लावला. तो म्हणाला, “सर, यादीत नावाच्या डावीकडे आकडा दिसतो ना, तो वाचा.” मी वाचला : वीस. पुढची फाइलही वीस. तीसच्या तीस फाइली वीस बाइटांच्या. फोनवर थोडा वेळ शांतता होती. मग तो म्हणाला, “सर, जीझिपला काहीच दिले नाही तरी ते वीस बाइटांची फाइल बनवते. ते नुसते पाकीट आहे, आत पत्र नाही.”

झाले होते ते असे. जूनमध्ये, शाळा उघडताना, सुरक्षिततेसाठी म्हणून मीच डेटाबेसचा पासवर्ड बदलला होता. स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला. त्या रात्रीपासून मायएसक्यूएलडम्पला आत प्रवेश मिळेना. पण आज्ञांची नळी जोडलेली असते तेव्हा सगळे ठीक झाले की नाही याचा निकाल शेवटच्या आज्ञेवरून ठरतो; आणि शेवटचे जीझिप आपले काम चोख करत होते, त्याने शून्य मजकूर व्यवस्थित आवळला होता. मग यश मिळाले असे समजून स्क्रिप्ट पुढच्या ओळीवर जाई आणि तीस दिवसांपूर्वीची एक खरी, भरलेली फाइल पुसून टाकी. रोज रात्री एक रिकामी प्रत जन्माला येत होती आणि एक भरलेली नष्ट होत होती. जुलैच्या मध्यापर्यंत एकही उरली नव्हती. याहून लाजिरवाणी गोष्ट पुढे कळली : क्रॉन चुकीचा संदेश आला की यंत्रातल्या टपालपेटीत पत्र टाकतो. ते यंत्र दोन महिने रोज रात्री मला पत्र लिहीत होते. काळ्या पडद्यावर प्रवेश केल्यावर ‘आपल्याला पत्र आले आहे’ ही ओळ मी रोज पाहत होतो आणि रोज सोडून देत होतो.

एम. ए.च्या पहिल्या वर्षी आम्हाला साधनांच्या चिकित्सेवर स्वतंत्र अभ्यासपत्रिका होती. बहिरंग परीक्षण म्हणजे कागद, शाई, तारीख, शिक्का. अंतरंग परीक्षण म्हणजे आत काय लिहिले आहे आणि ते खरे असू शकते का. नुसत्या शिक्क्यावर आणि तारखेवर विसंबणारा संशोधक फसतो, हे मी नववीच्या मुलांनाही सांगत आलो. आणि स्वतः मी तीस फाइलींची नावे आणि तारखा पाहून समाधान पावलो होतो.

मला धीर द्यावा म्हणून त्या विद्यार्थ्याने गिटलॅब या कंपनीची हकीकत सांगितली. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या अभियंत्याने फायली पुसण्याची आज्ञा चुकून दुसऱ्याच सर्व्हरवर दिली आणि मुख्य डेटाबेसच नाहीसा झाला. मग बॅकअप शोधू लागले तर तेही नव्हते : डम्प काढणारी आज्ञा जुन्या आवृत्तीची आणि डेटाबेस नव्या आवृत्तीचा, म्हणून ती रोज अपयशी होत होती, आणि त्या अपयशाची सूचना देणारे ई-मेल मध्येच नाकारले जात होते. कुणीतरी सहा तासांपूर्वी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेली एक प्रत सापडली म्हणून ते वाचले. कंपनीने हे काही लपवले नाही, सविस्तर लिहून प्रसिद्ध केले. चुकीकडे पाहण्याची ही रीत मला आवडली. पण धीर मात्र आला नाही. समोर बाकावर बापलेक बसले होते.

आम्हालाही एक प्रत सापडली. मार्चमध्ये वसतिगृहाच्या अधीक्षकांनी शिष्यवृत्तीच्या याद्या करण्यासाठी नोंदींचा डम्प पेनड्राइव्हवर नेला होता. पेनड्राइव्हवर माझा विश्वास नाही आणि आजही तो कुणी बॅकअप म्हणून वापरू नये असेच मी म्हणेन. पण तो चालला. नव्या संगणकावर तक्ते तयार करून त्यात नोंदी भरल्या. संख्या बरोबर आली. मी पहिले पान उघडले आणि पाहिले : अनुक्रमांक होते, इंग्रजी आकड्यांतील तारखा होत्या, आणि प्रत्येक मुलाच्या नावाच्या, जातीच्या, गावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग होती. शेकडो मुले, आणि एकालाही नाव नाही.

घाईत मी तक्ते लॅटिन-१ या वर्णसंचात तयार केले होते. त्यात पश्चिम युरोपातील भाषांची अक्षरे आहेत, देवनागरी नाही. जे अक्षर त्याला ठाऊक नाही त्याच्या जागी तो मुकाट्याने प्रश्नचिन्ह टाकतो. त्या रात्री ते पडद्यावर पाहताना मनात जे आले ते इथे लिहीत नाही, वाचकांना ते कळेल. मूळ फाइलीत मात्र अक्षरे शाबूत होती. तक्ते पाडून युटीएफ-८ च्या चार बाइटांच्या वर्णसंचात पुन्हा उभे केले, नोंदी पुन्हा भरल्या, आणि पहाटे वंदनेची घंटा होत असताना त्या मुलीच्या वडिलांचे नाव, त्यापुढे ‘नवबौद्ध’ आणि त्यांच्या गावाचे नाव पडद्यावर आले. उतारा मिळाला. मार्च ते ऑगस्टपर्यंतच्या नोंदी कागदी रजिस्टरावरून पुन्हा टंकायला तीन आठवडे लागले. त्या नोंदींचा कागद शाबूत होता, म्हणून ते शक्य झाले. मार्चची प्रत नसती तर तिसऱ्या रजिस्टराची ती पाने कायमची गेली असती.

आता काय करतो ते थोडक्यात लिहितो; इतर शाळांतील, पतसंस्थांतील, ग्रंथालयांतील ज्या सहकाऱ्यांवर हे काम येऊन पडले आहे, त्यांच्या उपयोगी पडावे. स्क्रिप्ट बॅश या शेलमध्ये चालते आणि तिच्या आरंभी ‘पाइपफेल’ हा पर्याय लावलेला असतो. त्यामुळे नळीतील कोणतीही एक आज्ञा चुकली तरी सगळे चुकले असे धरले जाते. कुठलीही आज्ञा चुकली की थांबायचे, आणि ज्या नावाला किंमत दिलेली नाही ते नाव वापरले गेले तरी थांबायचे, हेही तिथेच सांगितले आहे. हे दुसरे विशेष महत्त्वाचे. पुसण्याच्या आज्ञेत फोल्डरचे नाव रिकामे राहिले तर ती आज्ञा यंत्राच्या मुळापासून पुसायला लागू शकते. नवी प्रत आधी तात्पुरत्या नावाने बनते. मायएसक्यूएलडम्प पूर्ण झाले की शेवटच्या ओळीत तसा शेरा लिहिते. तो शेरा आहे का, आकारमान कालच्याच्या आसपास आहे का, हे पाहिल्यावरच तिला खरे नाव मिळते. आणि जुनी प्रत पुसायची ती या सगळ्यानंतर, तीही वयावरून नाही तर संख्येवरून : शेवटच्या तीस चांगल्या प्रती राहतातच, मग मध्ये कितीही दिवस खंड पडो. शैक्षणिक वर्षअखेरची प्रत कधीच पुसायची नाही.

पासवर्ड आज्ञेच्या ओळीत लिहायचा नाही, कारण यंत्रावर त्या वेळी असलेला दुसरा माणूस चालू आज्ञांची यादी काढून तो पाहू शकतो. तो वेगळ्या फाइलीत, जी फक्त मालकाला वाचता येईल अशा परवान्यात ठेवायचा. क्रॉनच्या तक्त्यात टक्क्याचे चिन्ह वापरताना त्याच्याआधी उलटी तिरकी रेघ द्यावी लागते, नाहीतर क्रॉन तिथेच ओळ तोडतो. तारखेच्या नावात ते चिन्ह हमखास असते. हाताने चालवली तर चालते आणि रात्री चालत नाही, या कोड्यात माझा एक अख्खा रविवार गेला आहे.

प्रती तीन, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक वेगळ्या ठिकाणी, असा नियम अमेरिकन छायाचित्रकार पीटर क्रोघ यांच्या नावाने प्रसिद्ध आहे. मला तो वाचताना सोपारा आठवले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तिथे सापडलेला दगड हा एक तुकडाच आहे. तो मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आमच्या सहलीतल्या मुलांनी पाहिला आहे. तेवढ्यावरून पूर्ण लेख कुणाला वाचता आला नसता. पण तोच मजकूर गिरनारला, काल्सीला, येर्रगुडीला कोरलेला होता, आणि शाहबाजगढी व मानसेहरा येथे तर वेगळ्या, खरोष्ठी लिपीत. म्हणून सोपाऱ्याच्या तुटक अक्षरांतून ओळी जुळल्या. आमची दुसरी प्रत एका बाह्य डिस्कवर असते. ती काम झाले की काढून कपाटात जाते, कारण कायम जोडलेल्या डिस्कपर्यंत खंडणीखोर विषाणूही पोचतो आणि वीजही. तिसरी प्रत ‘आरसिंक’ने रोज जिल्ह्याच्या गावी संस्थेच्या कार्यालयात जाते. तिच्यात मुलांच्या जाती, जन्मतारखा आणि घरचे पत्ते आहेत; म्हणून ती कुलूपबंद करूनच बाहेर पडते आणि त्या कुलपाची किल्ली दोन वेगळ्या व्यक्तींकडे मोहोरबंद पाकिटात आहे. ‘क्लाउडवर टाका, झाले’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. टाकावे, माझी हरकत नाही. पण तिथून परत आणून पाहिले आहे का, असे विचारले की बहुतेकजण विषय बदलतात.

परत आणून पाहणे हा या सगळ्याचा गाभा आहे. बुद्धवचन इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात सिंहलद्वीपात, वट्टगामणी राजाच्या काळात, ग्रंथारूढ झाले असे महावंस सांगतो. त्याआधीची शतके ते भाणकांच्या स्मरणात होते, आणि ते शुद्ध राहावे म्हणून संघ एकत्र बसून म्हणे. संगीती या शब्दाचा अर्थच सहगायन. एकाने स्मरणात ठेवले आहे असे सांगून भागत नसे. त्याने ते सर्वांसमोर म्हणून दाखवावे लागे. आम्ही प्रत्येक पौर्णिमेला, सायंकाळच्या वंदनेनंतर, ताजी प्रत एका वेगळ्या संगणकावर, वेगळ्या नावाच्या डेटाबेसमध्ये उतरवतो. वेगळा संगणक यासाठी, की डम्प काढताना ‘डेटाबेसेस’ हा पर्याय वापरलेला असला तर मूळ डेटाबेसचे नाव फाइलीतच लिहिलेले असते, आणि चाचणी करता करता माणूस चालू नोंदींवरच जुन्या नोंदी ओतून बसतो. मग तक्त्यांतील नोंदी मोजतो. आणि मग लिपिकबाई कागदी रजिस्टर उघडून कुठल्याही दहा ओळी मोठ्याने वाचतात, मी पडद्यावर बोट ठेवून ऐकतो.

मागच्या पौर्णिमेला सातवी ओळ वाचताना त्या म्हणाल्या, “जन्म एकोणीस जून.” पडद्यावर जुलै होते. प्रत नीट उतरली होती, शेराही बरोबर होता, मोजणीही बरोबर. चूक माझ्या बोटांची होती, पहिल्या उन्हाळ्यातली, आणि तेव्हापासून ती प्रत्येक प्रतीत निष्ठेने उतरत आली होती. अक्षरी तारीख पाहिली; तिथेही जूनच. मी नोंद दुरुस्त केली, शेऱ्याच्या रकान्यात दिनांक आणि कारण लिहिले, आणि बाईंना म्हटले, “आज दहा पुरे नाहीत. त्या उन्हाळ्यातले पूर्ण पान वाचू या.” त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्या ओळीपासून सुरुवात केली.